राइट बॅक, कॅल्टेक्स, मुंबई

दादर टीटीला ट्राम सुटायच्या बेतात आहे. तुम्ही छत्री मिटत धावत जाता आणि दांडी पकडता. साल 1957, महिना जुलै, वेळ दुपारची. लाकडी बाकं ओली आहेत, ड्रायव्हर पायाने ठणठण घंटा वाजवतोय. परळला गिरणीचा भोंगा होतो आणि पाळी सुटलेली माणसं रस्ता भरून टाकतात. ट्रामला त्यांच्याच चालीने चालावं लागतं. लालबागच्या भिंतींवर हातभर उंचीच्या अक्षरांत लिहिलंय, ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’. शेजारी बसलेला माणूस ते वाचत नाही, त्याला ते पाठ आहे. भायखळा, जे. जे. आणि मग बोरीबंदर. तिथून पायी निघायचं. आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल अशी हिरवळ ओलांडत गेलात की नव्या सचिवालयाच्या अलीकडे कूपरेजचं फुटबॉल मैदान लागतं.

पावसाळा म्हणजे मुंबईत फुटबॉलचा हंगाम. क्रिकेटची मैदानं चिखलाने मिटली की हारवुड लीग सुरू होते. आजही तिचाच सामना आहे. गर्दीत धोबीतलावच्या कुडांतून, म्हणजे गावकीच्या वसतिगृहांतून आलेले गोवेकर आहेत, नागपाडा-मदनपुऱ्याची पोरं आहेत, खोताच्या वाडीतले म्हातारे आहेत, फोर्टातल्या कचेऱ्यांतून साहेबाची नजर चुकवून निसटलेले कारकून आहेत. तुम्ही टचलाइनपाशी जागा मिळवता.

आता माझं एक ऐका. चेंडूकडे बघू नका. चेंडूकडे सगळेच बघतात. कॅल्टेक्सच्या गोलपासून थोड्या अंतरावर, उजव्या अंगाला जो उभा आहे त्याच्याकडे बघा.

ओ. चंद्रशेखरन. बाविशीतला मुलगा. गाव केरळातलं इरिंजलकुडा, त्रिचूरजवळचं. त्रिचूरचं सेंट थॉमस आणि एर्नाकुलमचं महाराजा, ही कॉलेजं करून गेल्या वर्षी, 1956 साली, तो मुंबईत आला आणि कॅल्टेक्स या तेल कंपनीच्या संघात राइट बॅक म्हणून खेळू लागला. भिंतीवरची ती घोषणा ज्या राज्यासाठी आहे ते अजून जन्मायचं आहे. ते जन्मल्यावर त्याचा फुटबॉल संघ पहिल्यांदा देश जिंकेल तेव्हा कप्तान हाच असेल. हे तुम्हाला ठाऊक आहे, त्याला नाही, आणि तुमच्या पुढे उभ्या असलेल्या गोवेकरालाही नाही. तो तर बाकीच्यांसारखाच ‘नेव्हिल, नेव्हिल’ करतोय.

त्याचं चुकत नाही म्हणा. सात-आठ महिन्यांपूर्वीच नेव्हिल डिसोझाने मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियावर तीन गोल चढवले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. भारत 4-2 जिंकला, उपान्त्य फेरीत गेला आणि शेवटी चौथा आला. या मैदानावर वाढलेला मुलगा आहे तो. लोक त्याच्या पायांकडे बघणारच.

पण तुम्ही राइट बॅककडे बघा. समोरच्या संघाला पाच फॉरवर्ड आहेत, त्यातला डाव्या कडेचा विंगर त्याच्या वाट्याचा. विंगर रेषेला चिकटून पळतो. राइट बॅक त्याला आतल्या बाजूने धरतो, म्हणजे गोल आणि विंगर यांच्या मध्ये आपलं शरीर ठेवतो आणि त्याला बाहेर, रेषेकडे ढकलत नेतो. पाय घालत नाही. घाई केली की फसला. चिखलात विंगरचा एक पाय उशिरा उचलला जातो, नेमकी तीच वेळ. खांद्याला खांदा लागतो, उजवा पाय आडवा जातो आणि चेंडू रेषेबाहेर. कोणी टाळी वाजवत नाही. थ्रो-इन. पुन्हा तेच. दुसऱ्यांदा विंगर आत वळू पाहतो, तर चेंडू मागे गोलकीपरकडे सरकवलेला असतो आणि गोलकीपर तो सरळ हाताने उचलतो. त्या काळात त्याला मुभा आहे. बदली खेळाडूची मुभा मात्र नाही. पाय मुरगळला तर लंगडत खेळायचं, नाहीतर संघाने दहा जणांत भागवायचं.

एकदा चेंडू तुमच्या पायाशी येऊन पडतो. उचलून बघा. चामड्याच्या पट्ट्या शिवून केलेला, आत रबरी ब्लॅडर, आणि एका बाजूला बुटासारखी नाडी ओवून बांधलेली. भर पावसात तो पाणी पिऊन दगडासारखा जड झालाय. आता कल्पना करा, समोरच्या गोलकीपरने मैदानाच्या निम्म्यापर्यंत मारलेला हा चेंडू वरून येतोय आणि तुम्हाला तो कपाळाने परतवायचा आहे. नाडीची बाजू कपाळावर आली तर कातडं सोलतं. फॉरवर्ड अशा चेंडूपासून अंग चोरू शकतो. बॅकला ती सोय नाही. बूट बघा, घोट्याच्या वर जाणारे, तळाला चामड्याचे स्टड खिळ्यांनी ठोकलेले. झिजले की खिळा वर येतो, आतून पायात आणि बाहेरून दुसऱ्याच्या नडगीत. पाचच वर्षांपूर्वी हेलसिंकीत आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळले, युगोस्लाव्हियाकडून 10-1 असा मार खाल्ला आणि त्यानंतर बूट सक्तीचे झाले. म्हणजे हे बूट अजून नवेच आहेत, पायांनाही आणि देशालाही.

देशातले सामने सत्तर मिनिटांचे असतात. सत्तर मिनिटं संपतात. तुमच्या राइट बॅकचं नाव कोणी पुकारत नाही. उद्याच्या पेपरात गोल करणाऱ्यांची नावं येतील.

आता त्याच्या पगाराचं बघू, कारण खरी गोष्ट तिथे आहे. तुमच्या काळात खेळाडूने क्लब बदलला की करार, मुदत, एजंट, फोटोसाठी हातात धरलेली नवी जर्सी हे सगळं ओघाने येतं. 1957च्या मुंबईत फुटबॉलचा असा करार नाही. खेळाडू हौशी समजले जातात. पण कंपन्यांना चांगले खेळाडू हवे आहेत आणि खेळाडूंना जगायचं आहे, तेव्हा त्यावर या शहराने काढलेला तोडगा म्हणजे नोकरी. टाटा, कॅल्टेक्स, बर्मा-शेल, पश्चिम रेल्वे, मध्य रेल्वे, बेस्ट, पुढे मफतलाल. प्रत्येकाचा संघ आणि प्रत्येक खेळाडू कुठल्यातरी खात्यात लावलेला. मस्टरवर सही, टेबल, फायली, महिन्याचा पगार, प्रॉव्हिडंट फंड. दुपारी सामना असला की सुट्टी. क्लब बदलणं म्हणजे कचेरी बदलणं, आणि हातात पडतं ते नेमणुकीचं पत्र.

या व्यवस्थेला पुढे नावं ठेवली गेली. ती बाबू फुटबॉलपटू तयार करते, म्हणाले. मला ते पटत नाही. इरिंजलकुड्याहून आलेल्या मुलाला नडगी फुटण्याची भीती न बाळगता टॅकलमध्ये जाता आलं ते या नेमणुकीच्या पत्राच्या बळावर. पाय मोडला तरी टेबल शाबूत आहे, हे त्याला माहीत होतं. बचावपटूच्या कारकिर्दीचा पाया हिंमत हा असतो, आणि घरी मनीऑर्डर वेळेवर जाते आहे हे कळलं की हिंमत टिकते. मुंबईत फुटबॉल वाढला तो याच पगारावर, आणि त्या पगाराचं ऋण आपण पुरेसं मानलेलं नाही.

पुढचं वर्ष, 1958. पुन्हा कूपरेज, पण आज गर्दीचा आवाज वेगळा आहे. रोव्हर्स कप. 1891 मध्ये ब्रिटिश पलटणींसाठी सुरू झालेली ही स्पर्धा. पहिला कप वूस्टरशायर रेजिमेंटच्या पलटणीने नेला. हिंदी नागरिकांच्या संघाला, बंगलोर मुस्लिम्सला, तो हाती लागायला 1937 उजाडलं. स्वातंत्र्यानंतर हैदराबाद पोलिसांनी 1950 ते 1954 असा सलग पाच वेळा उचलला. कलकत्त्याचे मोठे संघ येतात, हैदराबादचे येतात, मुंबई यजमान म्हणून गॅलरी भरते आणि कप दुसरं कोणीतरी घेऊन जातं. मुंबईकराच्या मनात हे सलत असतं.

1958 मध्ये तो कॅल्टेक्सने जिंकला. मुंबईच्याच एका कंपनीने, ज्यांची माणसं उद्या सकाळी पुन्हा मस्टरवर सही करणार आहेत. गोलमध्ये एस. एस. नारायण, माटुंग्याच्या मैदानांवर घडलेला, मेलबर्नलाही जाऊन आलेला. त्याचंही मूळ केरळात, ओट्टपालमचं. त्याच्या पुढे राइट बॅक चंद्रशेखरन. गोलकीपर आणि बॅक यांच्यात सामनाभर एक संभाषण चालू असतं, आणि गोलच्या मागे उभे राहिलात तर ते तुम्हाला ऐकू येईल. ‘सोड’, ‘माझा’, ‘मागे बघ’. हे दोघं ते मल्याळममध्येही करू शकतात, ही समोरच्या विंगरची अडचण. शेवटची शिट्टी होते आणि लोक रेषा ओलांडून आत धावतात. तुम्हीही धावा. कपाभोवतीच्या घोळक्यात फॉरवर्ड खांद्यावर आहेत. बॅक थोडा कडेला, मोजे घोट्यापर्यंत उतरवून उभा असेल.

1960 मध्ये दोन गोष्टी घडतात. 1 मे रोजी भिंतीवरची ती घोषणा खरी होते. संतोष करंडकात, म्हणजे राज्याराज्यांच्या फुटबॉल स्पर्धेत, आजवर ‘बॉम्बे’ म्हणून उतरणारा संघ यापुढे ‘महाराष्ट्र’ म्हणून उतरेल. आणि ऑगस्टच्या अखेरीस चंद्रशेखरन आणि नारायण दोघंही भारतीय संघातून रोम ऑलिंपिकला जातात. तिथे हंगेरीशी 1-2 अशी हार, फ्रान्सशी 1-1 बरोबरी, पेरूकडून 1-3. हंगेरी पुढे ब्राँझ जिंकते. फ्रान्सविरुद्ध गोल केला तो कप्तान पी. के. बॅनर्जींनी. त्यानंतर भारत ऑलिंपिक फुटबॉलला गेलेला नाही.

आता गिरगावात चला. 5 सप्टेंबर 1962ची सकाळ. गणपती बसलेत. केशवजी नाईक चाळीत 1893 पासूनचा उत्सव, वाडीवाडीतून आरत्या चालू आहेत, उंबरठ्यांवर ओल्या रांगोळ्या, केवडा आणि तेलाच्या दिव्यांचा मिसळलेला वास. चाळीच्या गॅलरीत एक गृहस्थ पेपर उघडून बसलेत. त्यांच्या खांद्यावरून वाका. काल जकार्तात भारताने आशियाई स्पर्धेतलं फुटबॉलचं सुवर्ण जिंकलं.

हे सुवर्ण कसं आलं ते नीट सांगायला हवं, कारण ते बचावफळीच्या हालांतून आलं. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने 2-0 हरवलं. मग थायलंड 4-1, जपान 2-0. त्याच दरम्यान मधला खंदा बचावपटू जर्नैलसिंग याचं डोकं फुटलं, टाके पडले. टाके घातलेल्या डोक्याने बचावात हेडिंग करणं धोक्याचं, म्हणून प्रशिक्षक रहीमसाहेबांनी त्याला थेट पुढे, फॉरवर्ड म्हणून पाठवलं. मागे भगदाड. ते सावरायचं उरलेल्यांनी: अरुण घोष, त्रिलोकसिंग आणि उजव्या बाजूला आपला कॅल्टेक्सचा चंद्रशेखरन. त्यांच्या पुढे हाफमध्ये फॉर्चुनाटो फ्रँको, मुंबईच्याच टाटांचा. म्हणजे कूपरेजवर एकमेकांसमोर उभे राहणारे दोन कंपन्यांचे नोकर जकार्तात एका जर्सीत. उपान्त्य सामना दक्षिण व्हिएतनामशी 3-2. अंतिम सामन्यात पुन्हा दक्षिण कोरिया.

आणि प्रेक्षक? सेनायान स्टेडियमवर लाखभर माणूस, जवळजवळ सगळा भारताच्या विरोधात. इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवानला प्रवेश नाकारला, त्यावर आशियाई संघटनेत गुरुदत्त सोंधींनी आवाज उठवला, आणि त्याचा राग भारतीय खेळाडूंवर निघाला. राष्ट्रगीत वाजलं तेव्हा हुर्यो. भारताच्या बाजूने ओरडणारे थोडे होते, त्यांत पाकिस्तानचा हॉकी संघ होता. पी. के. बॅनर्जींनी पहिला गोल केला आणि पाठोपाठ दुसरा केला तो टाके घातलेल्या जर्नैलसिंगनेच. त्यानंतर सामन्याचा मोठा भाग उरलेला. लाखभर लोक कोरियाच्या प्रत्येक चढाईला उचलून धरताहेत आणि आपल्याकडे टाकलेला प्रत्येक चेंडू परतवायचा आहे. एक गोल बसला, तोही अगदी अखेरीस. 2-1.

गॅलरीतले गृहस्थ पेपर घडी करून ठेवतात आणि आरतीला उठतात. पेपरात गोल कोणी केले ते आहे. उरलेला वेळ कोणी खेळून काढला ते संघाच्या यादीत आहे, जो ती वाचेल त्याच्यासाठी. रहीमसाहेबांचा तो शेवटचा मोठा सामना. कॅन्सरने ते पुढच्या जूनमध्ये गेले, आणि आशियाई सुवर्ण त्यानंतर आपल्याला पुन्हा मिळालेलं नाही.

1963-64चा हंगाम तुम्हाला मुंबईत बघता येणार नाही, मद्रासला जावं लागेल. संतोष करंडक. गोलमध्ये नारायण, हाफला फ्रँको, राइट बॅक आणि कप्तान चंद्रशेखरन. अंतिम सामन्यात समोर आंध्र प्रदेश, म्हणजे हैदराबादचा तोच दबदबा ज्याने कूपरेजवरून रोव्हर्स पुन्हा पुन्हा उचलून नेला होता. महाराष्ट्र 1-0 असा जिंकतो. 1-0 हा बॅकचा निकाल. फॉरवर्डला एकदा साधलं की पुरे, बॅकला एकदाही चुकून चालत नाही.

महाराष्ट्र या नावाने जिंकलेला हा पहिला करंडक. त्याआधीचा, 1954-55चा, बॉम्बे या नावावर आहे. सगळे मिळून आजवर चारच. ज्या नावासाठी माणसं हुतात्मा झाली, ते नाव छातीवर लावून पहिल्यांदा देश जिंकणाऱ्या संघाचा कप्तान इरिंजलकुड्याचा. मला यात विसंगती दिसत नाही. हे शहर असंच आहे. ते कोकणातून, घाटावरून, गोव्यातून, मलबारातून माणसं बोलावतं, पाळीला लावतं, आणि कामाला चोख निघाला तर त्याच्या दंडावर कप्तानाची पट्टी बांधतं. लालबागच्या गिरण्यांनी हे केलं, कूपरेजनेही केलं. दुःख आहे ते वेगळंच. आपल्या शाळांत हे नाव मुलांना कोणी सांगत नाही.

त्याच वर्षी, 31 मार्च 1964च्या रात्री बोरीबंदरहून दादरकडे शेवटची ट्राम सुटली. तेव्हा परत जाताना तुम्हाला बस घ्यावी लागेल.

1967. कॅल्टेक्समध्ये दहा वर्षं काढल्यावर चंद्रशेखरन स्टेट बँकेच्या संघात जातो. वय एकतिशीच्या पुढे. विंगर दरवर्षी कोवळे होत जातात, आपण होत नाही. राइट बॅकच्या पायातला वेग गेला की त्याला जागा ओळखून खेळावं लागतं: चेंडू कुठे येणार हे दोन पावलं आधी ताडायचं आणि तिथे जाऊन उभं राहायचं. जाणते बॅक याच बळावर वर्षं काढतात. तो स्टेट बँकेकडून 1972 पर्यंत खेळला. संपूर्ण कारकिर्दीत दोन संघ, दोन मालक. कॅल्टेक्सचं भारतातलं दुकान पुढे सरकारने ताब्यात घेतलं आणि 1978 मध्ये ते हिंदुस्तान पेट्रोलियममध्ये विलीन झालं. ज्या पंपावर तुम्ही स्कूटरमध्ये पेट्रोल भरता त्या कंपनीच्या पोटात एक रोव्हर्स कप आहे.

आता सरळ 2021 मध्ये या. मधला रस्ता थोडक्यात असा: गिरण्या गेल्या, कंपन्यांनी संघ गुंडाळले, रोव्हर्स कप एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर थांबला, 2010 मध्ये महिंद्र युनायटेडनेही दार लावलं. आणि 2021 या एका वर्षात तिघंही गेले. 10 मेला फ्रँको. 5 ऑगस्टला नारायण. 24 ऑगस्टला चंद्रशेखरन, कोचीत. मद्रासला जिंकलेल्या त्या संघातले तिघं, साडेतीन महिन्यांच्या आत. कोविडचा काळ होता, बातम्या छोट्या आल्या.

त्याच 2021 मध्ये मुंबईचा एक बचावपटू क्लब बदलून घरी आला. राहुल भेके. एअर इंडिया, ईस्ट बंगाल अशा मुक्कामांनंतर तो बंगळुरूकडून खेळत होता. 17 मार्च 2019 रोजी अंधेरीच्या मैदानावर इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) अंतिम सामन्यात, जादा वेळेत, गोव्याविरुद्ध एकमेव गोल त्याने डोक्याने केला होता. आपल्याच शहरात, दुसऱ्या शहराच्या जर्सीत. आता तो मुंबई सिटीचा झाला. 11 एप्रिल 2022 रोजी रियाधमध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगचा सामना होता, समोर इराकचा एअर फोर्स क्लब. त्या स्पर्धेत तोवर एकाही भारतीय क्लबने सामना जिंकला नव्हता. मुंबई 2-1 जिंकली आणि निर्णायक गोल पुन्हा भेकेचा, पुन्हा डोक्याने. 2024 मध्ये कप्तान म्हणून त्याने मुंबईला आयएसएल कप मिळवून दिला आणि त्याच उन्हाळ्यात करार करून तो बंगळुरूला परतला. काहींना राग आला. मला नाही आला. त्याच्या पिढीच्या हाती नेमणुकीचं पत्र नाही. पाय मोडला तर वाट बघणारं टेबल नाही, करार संपला की पुढचा करार शोधायचा, आणि बॅकची वर्षं मोजकीच असतात. जिथे ती मोलाने घेतली जातात तिथे त्याने जावं.